ओरिजिनल दाखवू की थर्ड पार्टी? लेन्स घेण्याआधी करायची कामं

नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन लेन्स मागा, काउंटरपलीकडून पहिला प्रश्न ठरलेला: "सर, ओरिजिनल दाखवू की थर्ड पार्टी?" विचारण्याच्या सुरातच उत्तर असतं. ओरिजिनल म्हणजे कॅमेरा कंपनीचीच लेन्स, ज्यांना परवडते त्यांची; थर्ड पार्टी म्हणजे दुसऱ्याच कंपनीने त्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली, भागवून घेणाऱ्यांची. दिवाळीनंतर भाच्याबरोबर गेलो होतो. त्याच्याकडे सोनीचा ए६४०० कॅमेरा, सोबत आलेली १६-५० ची किट लेन्स, आणि लग्नसराईत एका सीनियर फोटोग्राफरच्या हाताखाली कॅन्डिड आणि व्हिडिओचं काम. तो कानाशी येऊन म्हणाला, "मामा, थर्ड पार्टी घेतली तर हसतील का लोक?"

दुकानात त्याला काही बोललो नाही. बाहेर टपरीवर दोन कटिंग मागवून जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

आधी तो "ओरिजिनल" शब्द डोक्यातून काढा

सिग्माची लेन्स ही ओरिजिनल सिग्माच असते. ती कॅननची नक्कल नाही. टॅमरॉन १९५० पासून आहे, नाव त्यांच्या तामुरा या डिझायनरच्या आडनावावरून पडलं. सिग्मा १९६१ ची, आणि त्यांच्या लेन्स जपानमध्येच, आयझूच्या कारखान्यात बनतात. म्हणजे आपल्याकडे डिजिटल कॅमेरा हा शब्द रुळायच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी काच घासतायत.

नाती तर याहून गुंतागुंतीची आहेत. सोनीचे टॅमरॉनमध्ये शेअर आहेत. (लेन्सच्या नावातले आकडे मिलिमीटरचे: लहान आकडा म्हणजे रुंद दृश्य, मोठा म्हणजे लांबचं जवळ. एफ म्हणजे आतली प्रकाशाची खिडकी, ॲपर्चर: आकडा जितका लहान तितकी ती मोठी उघडते.) निकॉनची झेड २८-७५ एफ/२.८ घ्या आणि टॅमरॉनची पहिली २८-७५ घ्या: दोन्हींत १२ गटांत १५ भिंगं. दोन्हींच्या आकृत्या शेजारी ठेवून बघा आणि काय तो अर्थ काढा. नाव निकॉनचं पडलं की तीच रचना दुकानात "ओरिजिनल" होते.

मग फरक आहे कुठे? माझ्या मते काचेत तो फारसा उरलेला नाही. फरक आहे बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि लेन्स यांच्या आपसातल्या बोलण्यात. लेन्सच्या मागे जे सोनेरी टिपके दिसतात, त्यातून सेकंदाला अनेकदा संदेश जा-ये करतात: फोकस इकडे सरकव, ॲपर्चर एवढं मिट, हात हलतोय, सावर. कॅमेरा कंपनीला ही भाषा मातृभाषा असते. बाहेरच्या कंपनीने ती एकतर परवाना घेऊन शिकलेली असते, नाहीतर कान देऊन स्वतः उलगडलेली असते. ऐकून शिकलेल्याला मालकाने नवा शब्द काढला की अडखळायला होतं. खाली ज्या पायऱ्या लिहिल्यात, त्या सगळ्या याच अडखळण्याभोवती फिरतात.

पायरी १: बॉडीची जन्मकुंडली काढा

लेन्स बघायला निघण्याआधी कॅमेरा पुढ्यात घेऊन बसा आणि चार गोष्टी कागदावर लिहा. माउंट (लेन्स बसते ती खाच) कोणता, सेन्सर (चित्र टिपणारा भाग) फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, की क्रॉप, म्हणजे त्याहून लहान, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र सावरणारी सोय) आहे का, आणि जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला; आरसा नसलेला तो मिररलेस) असेल तर बॉडीत फोकसची मोटर आहे का.

शेवटचा मुद्दा निकॉनवाल्यांनी दोनदा वाचावा. डी३५००, डी५६०० आणि त्या घराण्यातल्या बॉडींत फोकसची मोटर नाही. त्यांना मोटर असलेली लेन्स लागते, म्हणजे नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असलेली. जुन्या बाजारात ५० मिमी एफ/१.८ डी स्वस्तात दिसते, लेन्स झकास आहे, निकॉनचीच आहे, आणि डी३५०० वर ती ऑटोफोकस करत नाही. उलट, एएफ-पी लेन्स डी९० सारख्या जुन्या बॉडीवर फोकस करत नाही. दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचं नाव असूनही! "कंपनीची घेतली म्हणजे डोळे झाकून चालेल" या समजाला एवढं उदाहरण पुरे.

क्रॉप सेन्सरचा हिशेब: निकॉन, सोनी, फुजीवर लेन्सवरचा आकडा दीडने गुणा, कॅननवर १.६ ने. १८ मिमी ही दीडपट क्रॉपवर २७ सारखी दिसते, १६ मिमी ही २४ सारखी. कागदावर दोनच मिलिमीटर. पण सिडकोतल्या वन बीएचकेमध्ये हळदीचा पाट मांडलाय, मागे भिंत, पुढे सगळ्या मावश्या-आत्या, आणि तुम्हाला आणखी मागे सरकायला जागा नाही, तेव्हा त्या दोन मिलिमीटरमध्ये एक आत्या बसते.

लेन्सवरची अक्षरंही पाठ करून ठेवा, म्हणजे दुकानात फसगत होणार नाही. सिग्मात डीजी म्हणजे फुल फ्रेम, डीसी म्हणजे क्रॉप, डीएन म्हणजे मिररलेससाठी. टॅमरॉनमध्ये डीआय फुल फ्रेम डीएसएलआर, डीआय-टू क्रॉप डीएसएलआर, डीआय-थ्री मिररलेस. स्टॅबिलायझेशनला कॅनन आयएस म्हणतो, निकॉन व्हीआर, सोनी ओएसएस, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी. काम सगळ्यांचं एकच, बारसं मात्र प्रत्येकाने वेगळं केलंय.

पायरी २: तुमच्या माउंटचा मालक किती उदार आहे ते बघा

सोनीने ई-माउंटची मूलभूत माहिती २०११ मध्येच इतरांना खुली केली. म्हणून आज सोनीवाल्याला सर्वात मोठं दुकान उघडं आहे. फुजीच्या एक्स माउंटवर टॅमरॉन २०२१ मध्ये आली, सिग्मा २०२२ मध्ये. निकॉनच्या झेडवर परवान्यासह टॅमरॉन २०२२ पासून, सिग्मा २०२३ पासून. पॅनासॉनिक, लायका आणि सिग्मा यांची २०१८ पासून एल-माउंटची युतीच आहे. तिथे सिग्माला तिसरा म्हणणंच चूक.

कॅननचा आरएफ माउंट या सगळ्यांत हाताने आखडता. २०१८ ला आला आणि कित्येक वर्षं बाहेरच्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्सना त्याने दार उघडलं नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये सिग्मा-टॅमरॉनला परवानगी मिळाल्याचं जाहीर झालं, ते क्रॉप सेन्सरच्या लेन्सपासून. त्यामुळे आर५० किंवा आर१० वाल्यांना आता सिग्माची १८-५० एफ/२.८ मिळते. तुमची कॅनन बॉडी फुल फ्रेम असेल तर दुकानात पाय ठेवताच हे विचारा: "ही लेन्स माझ्या बॉडीच्या पूर्ण सेन्सरवर चालेल का?" नाहीतर कॅननचा स्वतःचा ईएफ-आरएफ ॲडॅप्टर घ्या आणि जुन्या डीएसएलआरच्या लेन्स वापरा. ईएफ माउंट १९८७ चा आहे, त्याच्या लेन्सचा जुना बाजार मोठा आहे आणि ॲडॅप्टरवर त्या चांगल्या चालतात.

सोनी उदार असला तरी काही चाव्या त्याने कमरेलाच ठेवल्यात. ए१ सारख्या बॉडीवर सोनीची लेन्स असेल तर सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत मिळतात, बाहेरची असेल तर १५. टेलिकन्व्हर्टर (लांबचं आणखी जवळ आणणारं मधलं भिंग) बाहेरच्या ई-माउंट लेन्सना लागत नाही. व्हिडिओत फोकस सरकताना चौकट किंचित आत-बाहेर होते, ती सावरण्याची सोय फक्त त्यांच्या स्वतःच्या ठरावीक लेन्सवर. आता प्रामाणिकपणे सांगा, यातलं काय तुम्हाला लागणार आहे? भाच्याच्या ए६४०० ला सेकंदाला ११ फ्रेमच येतात. त्याला १५ ची वेस दिसणारसुद्धा नाही.

पायरी ३: पैसे कुठल्या पट्ट्यात घालताय?

इथे माझं मत ठाम आहे आणि दुकानदाराला ते फारसं आवडत नाही.

अगदी स्वस्त टोकाला कंपनीचीच घ्या. कॅननची ५० एफ/१.८ एसटीएम, निकॉनची ३५ किंवा ५० एफ/१.८ जी: या लेन्स कंपन्या गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी कमी पैशांत देतात. तिथे शेदोनशे रुपये वाचवायला दुसरीकडे जाण्यात अर्थ नाही.

अगदी महागड्या टोकाला, जिथे क्रिकेट, उडणारे पक्षी किंवा दुसऱ्यांदा न घडणारा क्षण पकडून पैसे मिळवायचे आहेत, तिथेही कंपनीची. वर सांगितलेल्या चाव्या तिथेच लागतात.

मधला पट्टा थर्ड पार्टीचा. एफ/२.८ च्या झूम, एफ/१.४ च्या प्राइम (झूम न होणाऱ्या), वाइड, मॅक्रो. बाजारात आल्या तेव्हाचे अमेरिकेतले भाव बघा: सोनीची फुल फ्रेम २४-७० एफ/२.८, दुसरी आवृत्ती, जवळपास २,३०० डॉलर. टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८, दुसरी आवृत्ती, ९०० डॉलर. सोनी ६९५ ग्रॅम, टॅमरॉन ५४०. टॅमरॉन २४ ऐवजी २८ पासून सुरू होते, ही तिची खरी किंमत. ज्याला ती चालते त्याच्याकडे उरलेल्या पैशांत फ्लॅश, दुसरी बॅटरी आणि एक प्राइम येते.

भाच्याच्या क्रॉप बॉडीसाठी तीन नावं कागदावर उतरली. सोनीची १६-५५ एफ/२.८ जी, सुमारे १,४०० डॉलर. टॅमरॉनची १७-७० एफ/२.८, सुमारे ८००. सिग्माची १८-५०, सुमारे ५५०. सिग्मा जेमतेम २९० ग्रॅमची, हातात घेतली की खेळण्यासारखी वाटते. त्याचा जीव तिच्यावरच जडला होता. पण ए६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. सिग्मात नाही. आणि गंमत म्हणजे सगळ्यात महाग सोनीतही नाही. तिघींत ते फक्त टॅमरॉनमध्ये आहे, म्हणून ती ५२५ ग्रॅमची. सप्तपदीचा व्हिडिओ हातात धरून काढायचा असेल तर हा एक मुद्दा बाकीच्या सगळ्यांवर भारी. ज्यांच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे त्यांच्यासाठी हाच निर्णय उलटा पडेल, म्हणून पहिल्या पायरीचा कागद खिशात ठेवा.

लांब टेलिफोटोत, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्समध्ये, मात्र माझा मधल्या पट्ट्याचा नियम मोडतो. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी आणि टॅमरॉनची १५०-६०० या दोघींनी पक्षीवाल्यांचं आयुष्य बदललं हे खरं. त्याआधी ६०० मिमी म्हणजे गाडीच्या किमतीची गोष्ट होती. पण त्यांना बघूनच निकॉनने २०१५ मध्ये २००-५०० एफ/५.६ काढली, सोनीने २०१९ मध्ये २००-६००, आणि निकॉनने झेडसाठी २०२३ मध्ये १८०-६००. भाव थर्ड पार्टीच्या फार वर नेले नाहीत. या लांबीत दोन्ही बाजूंचा आजचा भाव विचारल्याशिवाय ठरवू नका.

नांदूर मध्यमेश्वरचा एक धडा

टेलिफोटो "सॉफ्ट येतेय" म्हणून विकायला काढणारे मी बरेच बघितलेत, आणि त्यातल्या निम्म्यांची लेन्स निर्दोष असते. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाला, तेव्हापासून हिवाळ्यात रविवारी चापडगावच्या मनोऱ्यावर तोफखाना उभा असतो. सकाळी सातला चक्रवाकाच्या पिसाची कड अन् कड सुटी दिसते. साडेनऊ-दहाला तोच पक्षी, तीच लेन्स, तोच ट्रायपॉड, आणि फोटो पाण्यातून बघितल्यासारखा. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते. ६०० मिमीवर ती थरथर सेन्सरपर्यंत येते. यात सिग्माचा दोष नाही आणि कुठल्याही महागड्या लेन्सने ती जाणार नाही. लवकर जा, पक्षी जवळ येऊ द्या.

दुसरी तक्रार, "फोकस हंट करतो". जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यात शिरली की लेन्स पुढच्या काडीवरून मागच्या पाण्यावर आणि पुन्हा काडीवर अशी झोके घेते. लेन्सच्या कडेला फोकस लिमिटरची कळ असते. सिग्माच्या त्या १५०-६०० वर ती १० मीटरपासून अनंतापर्यंत लावता येते. ती लावा, झोके अर्धे होतात. कंपनीच्या लेन्सवरही हीच कळ असते आणि तिथेही लोक ती लावत नाहीत.

पायरी ४: दुकानातली पंधरा मिनिटं

स्वतःची बॉडी, चार्ज केलेली बॅटरी, रिकामं कार्ड आणि वर्तमानपत्राचं एक पान घेऊन जा. दुकानाच्या बॉडीवर घेतलेला फोटो तुमच्या कामाचा नाही. बोलणं तुमच्या बॉडीशी व्हायचंय. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत कोणी नीट बघू देत नाही. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर बोहनीच्या वेळेला गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून मालक स्वतः लक्ष घालतो.

लेन्स लावल्यावर अलगद फिरवून बघा. किंचित खुळखुळ चालते, डुगडुगली तर नको. झूमची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मध्येच घट्ट-सैल लागते का? आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: रिंग फिरण्याची दिशा. सिग्माच्या झूम साधारण कॅननच्या दिशेने फिरतात, टॅमरॉनच्या निकॉनच्या दिशेने. वर्षानुवर्षं एका दिशेला हात बसला असेल तर वरमालेच्या क्षणी तुम्ही जवळ यायच्या ऐवजी लांब जाल. सवय होते, पण लग्नाच्या दिवशी नाही, आधी.

आता दुकानाच्या पायरीवर या. समोरच्या इमारतीवरची एखादी पाटी निवडा, बारीक अक्षरांची. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा. पाटी चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवून तिच्यावर फोकस करून फोटो, मग वरच्या उजव्या, मग खालच्या दोन्ही. पडद्यावर मोठं करून चारही बघा. चारही कोपरे सारखेच थोडे नरम असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव, एफ/५.६ ला सुधारेल. तीन कोपऱ्यांत अक्षरं वाचता येतायत आणि चौथ्यात शाई फुटल्यासारखी पसरलीत, तर आतलं भिंग वाकडं बसलंय. तो नग नको. दुसरा नग उघडायला सांगा. सांगायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत. ही खोट कंपनीच्या लेन्समध्येही निघते.

डीएसएलआर असेल तर वर्तमानपत्राची परीक्षा घ्याच. पान काउंटरवर ठेवा, तिरपं बघत मधल्या एका ओळीवर फोकस करा, तीन-चार फोटो काढा. शार्प ओळ प्रत्येक वेळी तुमच्या ओळीच्या पुढे किंवा मागे येत असेल तर लेन्स आणि बॉडीचं जमत नाही. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, म्हणून ही चूक होते. महागड्या बॉडीत ती मेनूतून सुधारता येते. निकॉनच्या डी३५००, कॅननच्या १५००डी, २००डी मध्ये ती सोयच नाही. थर्ड पार्टी बदनाम झाली ती मुख्यतः याच कारणाने. मिररलेसमध्ये फोकस खुद्द चित्राच्या सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे हा आजार जवळजवळ संपला. पंधरा वर्षांपूर्वीचा अनुभव सांगून मिररलेसवाल्याला घाबरवणाऱ्या सीनियर लोकांना नमस्कार करा आणि पुढे चला.

मग दुकानातला सर्वात अंधारा कोपरा गाठा. काळ्या शर्टवर फोकस करा. लागतो का, किती वेळ लागतो? मग व्हिडिओ चालू ठेवून जवळचा हात, लांबचं दार असा फोकस बदला आणि आवाज ऐका, मोटरची घरघर माइकमध्ये येते का. शेवटी लेन्स थेट ट्यूबलाइटकडे रोखा. चित्र पांढुरकं पडतं का, हिरवे-जांभळे ठिपके किती येतात? रामकुंडावर गोदाआरतीचे दिवे काढायचे असतील तर हे ठिपके छळतात.

दोन दिवस घरी तपासायची मुभा मागा आणि ती बिलावर लिहून घ्या. त्या दोन दिवसांत सकाळी गोदाघाटावर जा. नारोशंकराच्या देवळाच्या कोरीव काळ्या दगडाइतकं चांगलं टेस्ट चार्ट मला गावात दुसरं सापडलेलं नाही. भिंतीला समोरासमोर उभे राहा, एफ/२.८, ४, ५.६, ८ असे फोटो काढा आणि घरी संगणकावर बघा.

पायरी ५: जुनी घेताना

मोबाईलचा टॉर्च लावून लेन्स आरपार बघा, पुढून एकदा, मागून एकदा, ॲपर्चर उघडं ठेवून. धुळीचे दोन-चार कण असू द्या, त्यांनी फोटोत काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडे ती फार. त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांवर केस उगवतात, तिथे लेन्सची काय कथा. बुरशी काचेवरचं कोटिंग खाते. साफ केली तरी डाग राहतात. नितळ काचेऐवजी सायीसारखा पडदा दिसला तर तीही सोडा.

मागच्या स्क्रूंच्या खाचा घासलेल्या दिसल्या तर लेन्स उघडली गेलीय. कोणी आणि का, हे विचारा. सीरियल नंबर बिलाशी ताडून पाहा. आणि फार जुनी थर्ड पार्टी लेन्स असेल तर स्वतःच्या बॉडीवर ॲपर्चर मिटवून, एफ/८ ला फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका. फिल्मच्या काळातल्या काही सिग्मा लेन्स कॅननच्या डिजिटल बॉडीवर पूर्ण उघड्या ॲपर्चरला फोटो देतात आणि ते मिटायला सांगितलं की कॅमेरा एरर दाखवतो. ऐकून शिकलेल्या भाषेचं हे जुनं उदाहरण.

पायरी ६: बिल, वॉरंटी, आणि फर्मवेअर

भारतातल्या अधिकृत वितरकाचं वॉरंटी कार्ड आहे का, की दुकानाची "आमची गॅरंटी" आहे? दुसऱ्या प्रकारात भाव कमी असतो आणि जबाबदारीही. सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बिल करण्याआधी विचारा. नाशिकहून लेन्स कुरिअरनेच जाणार हे धरून चाला, फक्त मुंबई-पुण्याला जाते की त्याहून लांब, हे कळलं म्हणजे झालं. कंपनीची लेन्स असली की बॉडी आणि लेन्स एकाच ठिकाणी देता येतात, हा मोठा फायदा. वेगवेगळ्या असल्या की बॉडीवाले म्हणतात लेन्समध्ये प्रॉब्लेम, लेन्सवाले म्हणतात बॉडीत.

चिनी मॅन्युअल लेन्स, टीटीआर्टिसन किंवा सेव्हनआर्टिसन्सच्या, यांना बऱ्याचदा मागे टिपकेच नसतात. बोलणंच नाही तर भांडणही नाही. फक्त कॅमेऱ्याच्या मेनूत "लेन्स नसताना शटर" चालू करावं लागतं, नाहीतर बॉडी खटकाच दाबू देत नाही आणि माणूस लेन्स बिघडली म्हणून परत येतो. हौसेला, द्राक्षबागेतल्या पोर्ट्रेटला मजा आहे. पैसे घेऊन काढायच्या लग्नाला नको.

फर्मवेअरचा, म्हणजे कॅमेऱ्या-लेन्सच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, फटका मी स्वतः खाल्लाय. एका साखरपुड्याच्या आदल्या रात्री हौसेने बॉडीचं फर्मवेअर अपडेट केलं. सकाळी लेन्स लावली तर फोकस एकदा पुढे जाऊन तिथेच बसला. बंद-चालू केलं, टिपके पुसले, देवाचं नाव घेतलं. सगळा साखरपुडा किट लेन्सवर काढला. लेन्स कोणाची ते जाऊ द्या. त्यांनी तीन आठवड्यांनी अपडेट दिलं आणि ती आजही चालते. तेव्हापासून नियम: बॉडीचं अपडेट आलं की पंधरा दिवस थांबायचं, लेन्सच्या कंपनीने काही सूचना दिलीय का बघायचं, आणि कामाच्या आदल्या आठवड्यात काहीच हलवायचं नाही. लेन्स अपडेट कशी होते हेही घेतानाच बघा. टॅमरॉनच्या अलीकडच्या मिररलेस लेन्सवर यूएसबी-सीचं भोक असतं. सिग्माच्या डीएसएलआर लेन्सना वेगळा डॉक विकत घ्यावा लागतो. ज्या लेन्सला अपडेटचा मार्गच नाही, ती आज आहे तशीच कायम राहणार असं समजून भाव ठरवा.

कॅननच्या डीएसएलआरवर सिग्मा लावत असाल तर मेनूतली लेन्स करेक्शन बंद ठेवा, असं सिग्मानेच सांगितलंय. फोटोत विचित्र वर्तुळं दिसू लागली तर आधी तिथे बघा.

पावसाळा आणि रहाड

लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. निळी सिलिका गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या, पण तो तवा पोळ्यांचा नसावा. तांदळात लेन्स ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या तांदळाचा भात करा. पीठ लेन्सच्या रिंगमध्ये जातं.

रंगपंचमीला रहाडीजवळ, म्हणजे नाशकातल्या रंगाने भरलेल्या जुन्या हौदाजवळ, जाणार असाल तर "वेदर सीलिंग" या शब्दावर फार विसंबू नका. थर्ड पार्टीत कुठे फक्त माउंटपाशी एक रबराची कडी असते, कुठे आतपर्यंत सील असतात, आणि दोन्हींना पेटीवर जवळपास सारखीच भाषा वापरतात. पेशवेकालीन हौदातला रंग अंगावरून दिवसेंदिवस निघत नाही, तो झूमच्या नळीत गेला तर लेन्सच्या हयातीत निघणार नाही. मी तिथे जुनी किट लेन्स नेतो, वरून पारदर्शक पिशवी आणि रबर बँड.

भाच्याने शेवटी टॅमरॉन घेतली. लोक हसले नाहीत, लग्नात कोणी लेन्सवरचं नाव वाचत नाही, फक्त नवरदेवाचा एखादा मित्र "केवढ्याला पडली?" एवढं विचारतो. फिल्टरचा व्यास ६७ मिमी निघाला, टॅमरॉनच्या बऱ्याच मिररलेस लेन्सना तोच, त्यामुळे पुढची लेन्स घेतली तरी पोलरायझर एकच पुरेल. हूड (लेन्सच्या पुढे लावायची, उजेड अडवणारी कड) मात्र दुसऱ्याच लग्नात, वरातीत हरवला. परवा फोन आला, "मामा, हूड ओरिजिनल घेऊ की साधा?" साधा घे म्हटलं. फक्त लावताना पाकळ्या सरळ बसल्यात का बघ, नाहीतर १७ मिमीला कोपरे काळे येतील.